मानाची बाटली

सुभानपुरा, बडोदे
९ ऑगस्ट २०२५

आत्या,

वाकून नमस्कार. तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या सोसायटीला ऐकवायचं. व्हॉट्सअ‍ॅप करावं, तर ते तुझ्या लाडक्या लेकीच्या, ईशानीताईच्या, फोनवर जातं आणि ती तुझ्याआधी वाचते. म्हणून आपलं टपालच बरं. वाघोडियाला आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये मी परवा म्हणालो, पोस्टात जाऊन येतो, आत्याला पत्र टाकायचंय. सगळे असे बघायला लागले की जणू मी कबुतर सोडायला निघालोय.

इकडे गणपतीची धामधूम सुरू झाली. या वर्षी रक्तदान शिबिर एकतीस तारखेला, रविवारी आहे. आणि बातमी अशी की मानाची पहिली बाटली मी देणार आहे. आजोबांनी शिबिर सुरू केलं तेव्हापासून पहिली बाटली आपल्या घरची, हे तुला मी काय सांगणार. त्यांच्यानंतर जनार्दनकाका देत आले, पण काका आता पासष्टच्या वर गेले आणि रक्तपेढीवाल्यांनी हात जोडले. बाबांचं तुला ठाऊकच आहे. मंडळाचे अध्यक्ष, माईक त्यांचा, हार त्यांचे, भाषण त्यांचं, आणि बाटलीचा विषय निघाला की बीपी पण त्यांचंच. तेव्हा उरलो मी. बाबांनी कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापूनसुद्धा घेतलं.

तू मिरजेच्या हॉस्पिटलात जन्मभर सिस्टर होतीस म्हणून एक विचारतो. या शिबिरात घेतलेलं रक्त नंतर तपासतात ना? सगळं तपासतात? आणि कुणाच्या रक्तात काही सापडलंच, तर त्याला कळवतात की गुपचूप फेकून देतात? सहज विचारतोय. मंडळातली पोरं विचारत असतात, आणि मानकऱ्याला उत्तर यायला पाहिजे ने.

आई बरी आहे. तिने तुझ्यासाठी लीलवाची कचोरी करून पाठवायची म्हटलंय, पण तुझ्या गावापर्यंत ती टिकेल का याचा तिला भरवसा नाही.

तुझा,
दिग्विजय


मिरज
१४ ऑगस्ट २०२५

बाळ दिग्विजय,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. ईशानीने पाकीट उजेडात धरून बघितलं, पण फोडलं नाही, एवढी सुधारणा आहे.

तू पहिली बाटली देणार हे वाचून मला इतका आनंद झाला की मी शेजारी जाऊन सांगून आले. तसं पाहिलं तर बाटल्या जाऊन पिशव्या येऊन जमाना झाला, पण आपल्या मंडळात बाटलीच म्हणणार, म्हणू देत. बाबा, म्हणजे तुझे आजोबा, पहिल्या वर्षी टेबलावर झोपले तेव्हा दांडिया बाजारातले अर्धे लोक नुसते बघायला आले होते. माणूस उठतो की नाही, अशी पैज लागली होती. आणि तुझ्या बापाबद्दल तू लिहिलंस ते अगदी खरं. लहानपणी टोचायला आले की सदानंद धान्याच्या कोठीमागे सापडायचा.

आता तुझा प्रश्न. हो रे, प्रत्येक पिशवी तपासतात. दोन प्रकारची कावीळ, एचआयव्ही, गुप्तरोगाची एक तपासणी आणि मलेरिया. त्यातून पास झाल्याशिवाय थेंबभर रक्त पुढे जात नाही. काही सापडलं तर माणसाला खासगीत बोलावून सांगतात, बोभाटा करत नाहीत. तुझ्या पोरांना म्हणावं, आत्याने कळवलंय, चाळणी अगदी बारीक लावलेली असते, निर्धास्त द्या.

त्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नकोस. पाणी भरपूर पी. शिबिरानंतर मोटारसायकल उडवायची नाही. तिकडच्या सेव-उसळीची आठवण काढून मी इकडे मिसळ खाते, पण ते काही खरं नाही. रमाला म्हणावं कचोरी पाठव, शिळी झाली तरी खाईन.

तुझी,
नीलिमा आत्या


सुभानपुरा
१९ ऑगस्ट २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला धड झोप लागली. म्हणून आता तुला खरं काय ते सांगून टाकतो. सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

मंडळातल्या पोरांनी काही विचारलं नव्हतं. मीच विचारत होतो.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मी कंपनीच्या कामाला नाशिकला होतो. आमच्याकडे माल पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये रसिका म्हणून आहे. वर्षभर आमचं फोनवर बोलणं होत होतं, आधी मालाबद्दल, मग कशाहीबद्दल. ती हसते चांगलं, भांडते त्याहून चांगलं. त्या संध्याकाळी आम्ही जेवायला गेलो, आणि नंतर तिच्या घरी. तू समजून घे. दोघांच्या मर्जीने झालं. पण काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही. कंडोम नव्हता, आणि थांबायची अक्कल दोघांनाही झाली नाही.

परत येताना गाडीत बसलो आणि डोक्यात किडा शिरला. तिचं आधीचं आयुष्य मला काय माहीत? तिचं लग्न ठरून मोडलेलं आहे, एवढंच माहीत. मग फोनवर वाचत सुटलो. घसा दुखला तर एचआयव्ही, अंगावर पुरळ आलं तर एचआयव्ही, दमल्यासारखं वाटलं तरी तेच. आत्या, मी रोज ऐंशी किलोमीटर जा-ये करतो, मला दमल्यासारखं वाटणारच. हे कळतं, तरी आरशासमोर उभा राहून जीभ बाहेर काढून बघतो. आईला वाटलं मला कावीळ झाली.

तपासायला कुठे जाऊ? सुभानपुऱ्यात, वासण्यात, जिथे म्हणशील तिथे लॅबवाला बाबांना ओळखतो. अध्यक्षांचा मुलगा कशाला आला होता, हे संध्याकाळपर्यंत घरी पोचेल. सरकारी दवाखान्यात तर मंडळाचे निम्मे लोक ओपीडीत असतात. मग शिबिर आठवलं. सगळ्यांसमोर, हार घालून घेऊन रक्त द्यायचं, कुणाला शंका येणार नाही. ते तपासणारच. रक्तपेढीचा फोन आला तर आला, नाही आला तर मी सुटलो. तुझ्या पत्राने हे पक्कं झालं. काम तू सोपं केलंस.

रसिकाचे दोन मिस्ड कॉल आहेत. उचलले नाहीत. काय बोलू?

रागावू नकोस. आता मी बराच शांत आहे.

दिग्विजय


मिरज
२२ ऑगस्ट २०२५
स्पीड पोस्टाने

दिग्विजय,

तू बाटली द्यायची नाहीस. हे वाक्य आधी दोनदा वाच, मग पुढचं वाच.

तू विचारलंस रक्त तपासतात का, आणि मी मोठी शहाणी, लगेच सगळं सांगून मोकळी झाले. का विचारतोस, हे विचारायचं सुचलं नाही. उत्तर बरोबर होतं पण अपुरं होतं. आता पुरं सांगते.

विषाणू अंगात शिरला की दुसऱ्या दिवशी तपासणीत दिसत नाही. कुणाच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, कुणाच्या त्याहून उशिरा. मधल्या काळात तपासणी म्हणते सगळं ठीक आहे, आणि रक्त मात्र दुसऱ्याला बाधू शकतं. मी लिहिलेली चाळणी बारीक असते, पण या दिवसांत तीसुद्धा चुकू शकते. म्हणून तर रक्त घेण्याआधी फॉर्मवर तसले प्रश्न विचारतात आणि माणसाने खरं सांगावं अशी अपेक्षा ठेवतात. तुझी बाटली पास झाली तर तुला फोन येणार नाही, तू पेढे वाटशील, आणि ती बाटली कुठल्यातरी बाळंतिणीला नाहीतर थॅलेसेमियाच्या पोराला चढेल. मी अशा पोरांच्या हाताला सुया लावल्यात. त्यांना आपल्याला कुणाचं रक्त चढतंय हे विचारायचीही मुभा नसते.

वाघोडियाला तू मालाची बॅच तपासतोस. मुदतीआधी नमुना काढून, निकाल चांगला दिसला म्हणून माल पास करतोस का? तिथे करत नसशील तर इथेही करू नकोस.

आता तुझ्याबद्दल. तुला झालं असेल असं मला वाटत नाही. एका वेळेच्या संबंधातून लागण व्हायची शक्यता फार कमी असते, समोरच्याला असली तरी. आणि तिला आहे हे तुला कुणी सांगितलं? तुझा घसा बहुतेक त्या फोनवर वाचण्याने दुखतोय. तरी तपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणी केंद्र असतं. फुकट असतं. तुझ्या संमतीशिवाय करत नाहीत आणि नाव बाहेर सांगायची त्यांना कायद्याने मनाई आहे. सहा आठवडे झाले की एकदा कर, तीन महिने झाले की शेवटची. मध्ये रोज लॅब बदलून तपासत बसू नकोस. आणि डोक्यात कोरून ठेव, असं पुन्हा कधी झालं तर पहिल्या तीन दिवसांच्या आत, जेवढं लवकर तेवढं बरं, दवाखाना गाठायचा. लागण अडवणाऱ्या गोळ्या असतात, महिनाभर घ्यायच्या. ती वेळ आता गेली. तेव्हा लिहिलं असतंस तर मी स्वतः गाडीत बसून आले असते.

आणि समजा, निकाल वाईट आला. तरी जग बुडत नाही. रोजची एक गोळी, आणि माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, लग्न करतो, त्याला निरोगी पोरं होतात. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या वॉर्डात बघितलंय.

राहता राहिली रसिका. तिचं आधीचं आयुष्य तुला माहीत नाही, तसं तुझं तिला माहीत आहे का? ती पण जीभ बाहेर काढून आरशात बघत असेल. आणि तू तिचा फोन उचलत नाहीस. हे मला मुळीच आवडलं नाही. आज फोन कर.

शिबिरात काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ताप आलाय सांग, नाहीतर डॉक्टरच्या कानात खरं सांग. पत्रिका छापली म्हणून रक्त द्यायचं नाही.

आत्या


सुभानपुरा
३ सप्टेंबर २०२५

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. दोनदा म्हणालीस, मी पाच वेळा वाचलं. बॅचचं लिहिलंस ते फार लागलं. मी मुदतीआधी एकही नमुना पास केलेला नाही, कितीही वरून फोन आले तरी. हे तुला माहीत होतं म्हणूनच तू तिथे बोट ठेवलंस.

बाटली दिली नाही. आता झालं कसं ते ऐक.

माझा बेत साधा होता. टेबलावर बसलेल्या डॉक्टरबाईंना हळूच खरं सांगायचं. त्या हिमोग्लोबिन कमी आहे असं काहीतरी म्हणाल्या असत्या आणि मी सुटलो असतो. दहा वाजता फॉर्मच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या मागे कुणाल होता, वासण्याचा, शाळेपासूनचा मित्र. मी म्हटलं, तू पण देतोस का रे? तो कानाशी येऊन म्हणाला, "दर वर्षी देतो. मफतमध्ये चेकअप होऊन जातं. फोन नाही आला तर वर्षभर टेन्शन नाही. आ वखते तो खास जरूर छे, या वेळी तर पाहिजेच." आणि डोळा मारला. त्याच्या मागचे दोघं हसले. हसले म्हणजे त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

आत्या, माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. मला वाटत होतं ही युक्ती एकट्या मला सुचली. मंडळातली निम्मी पोरं तेच करत होती, आणि आपल्या घरच्या मानाच्या शिबिरात.

तेवढ्यात बाबांनी माईकवर माझं नाव पुकारलं. वडिलांची परंपरा, तिसरी पिढी, वगैरे. हार आणला. मी स्टेजवर गेलो आणि हार घ्यायच्या आधी माईक घेतला. पाठ करून गेलो नव्हतो, जसं आलं तसं बोललो. म्हणालो, मी या वर्षी रक्त देणार नाही. माझी एचआयव्हीची तपासणी व्हायची आहे. मला वाटलं होतं इथे देऊन टाकू, फोन नाही आला म्हणजे सुटलो. तसं नसतं. सुरुवातीला तपासणीत दिसत नाही आणि रक्त कुणालातरी चढतं. ज्याला शंका असेल त्याने सरकारी केंद्रात जावं, तिथे पैसे लागत नाहीत. इथे तपासून घेतलं तर त्याची किंमत पेशंट भरतो. जय गणेश.

मी खाली उतरलो. मग रांगेत हालचाल झाली. कुणालने फोन कानाला लावला आणि बोलत बोलत बाहेर गेला. एकाला स्कूटर नीट लावायची आठवण झाली. एकजण सेव-उसळ खाऊन येतो म्हणाला आणि आलाच नाही. असे चौघं गेले. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "तुमच्या चार बाटल्या कमी झाल्या त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

आणि बाबा. बाबा स्टेजवर हार हातात घेऊन तसेच उभे होते, झब्ब्यासारखे पांढरे पडलेले. मग खाली उतरले, कॉटवर जाऊन आडवे झाले आणि म्हणाले, "पहिली बाटली आमच्या घरची ना. घ्या." बीपी तपासलं. एकशेवीस-ऐंशी निघालं. डोळे गच्च मिटून घेतले होते, पण पूर्ण दिली.

मला वाटलं, जिंकलो. घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी माझा कप स्वतः विसळला आणि वेगळा, खिडकीत उपडा ठेवला. बाथरूममधला माझा टॉवेल गॅलरीत गेला. आईने पण तो परत आणला नाही. चारशे माणसांसमोर मला काही झालं नाही, आत्या. त्या कपाने मला रडू आलं.

रसिकाला फोन केला. तिने आधी मला पंधरा मिनिटं झाडलं. मग म्हणाली, "मी तुला हेच विचारायला फोन करत होते, की तू तपासून घेतलंस का. मला पण भीती वाटते." तू लिहिलं होतंस तस्संच. ती तिकडे जाणार आहे, मी इकडे.

दिग्विजय


मिरज
८ सप्टेंबर २०२५

माझ्या शहाण्या बाळा,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा डोळे पुसले. ईशानीला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, माझा भाचा मोठा झाला.

सोबत वेगळी चिठ्ठी आहे ती तुझ्या बापाला दे. पाकीट बंद केलेलं नाही, तू पण वाच.

*चि. सदानंद, कपाने एचआयव्ही होत नाही. टॉवेलाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, मिठी मारल्याने तर नाहीच. हे मी मिरजेत हजारो लोकांना समजावलं आणि माझ्या सख्ख्या भावाच्या घरात कप खिडकीत गेला. मुलाला आजार आहे की नाही हे अजून कळायचंय. असला तरी कप फडताळातच राहील. तू बाटली दिलीस त्याचं मला कौतुक आहे, पण ती देताना तुझ्या डोळ्यांसमोर मंडळाची लाज होती की मुलगा, हे तुझं तू बघ. ताई.*

दिग्विजय, तू त्याच्यावर डूख धरू नकोस. भित्रा माणूस आहे, वाईट नाही. आणि रसिकाला माझा आशीर्वाद सांग. जी पोरगी आधी झाडते आणि मग भीती वाटते म्हणते, ती मला पसंत आहे. तुमचं पुढे काय होईल ते होवो.

तुझी आत्या


सुभानपुरा
१७ सप्टेंबर २०२५

आत्या,

सहा आठवड्यांची तपासणी सोमवारी झाली. निगेटिव्ह. रसिकाची पण निगेटिव्ह. केंद्रातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, बहुतेक काळजीचं कारण नाही, पण तीन महिन्यांची करून टाका म्हणजे विषय संपला. मी करणार आहे. कुणाल पण जाऊन आला. त्याने निकाल सांगितला नाही, मी विचारला नाही, पण काल स्वतःहून म्हणाला की गोळी सुरू केलीय आणि डॉक्टर चांगले आहेत. तो नेहमीसारखा हसत होता. मग मी पण हसलो.

चिठ्ठी बाबांना दिली. त्यांनी खुर्चीत बसून वाचली, घडी केली, चष्म्याच्या डबीत ठेवली. दुसऱ्या दिवशी कप फडताळात होता आणि टॉवेल बाथरूममध्ये. पण माझ्याशी बोलणं म्हणशील तर "गॅसचा नंबर लावलास का", एवढंच. मंडळात त्यांना थोडं ऐकावं लागतंय. खजिनदार श्रीपतराव त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या वर्षी घरच्या माणसांना माईक देऊ नका." श्रीपतराव आमच्याकडे रविवारी पत्ते खेळायला यायचे. ते येत नाहीत आता.

मी मजेत आहे. नोव्हेंबरातल्या तपासणीला एकटा जाऊन येईन. त्यात काय मोठं.

दिग्विजय


सुभानपुरा, बडोदे
४ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,

तुला मी स्वतःच्या हाताने याआधी कधी लिहिलं ते आठवत नाही. लग्नानंतर रमाच लिहीत आली. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. आधी मुख्य ते लिहितो. दिग्विजयची शेवटची तपासणी काल झाली. निगेटिव्ह आहे. नाशिकच्या मुलीचा पण फोन आला, तिचीही तशीच आहे. आता बाकीचं सावकाश वाच.

तपासणी काल होती हे मला रमाने सांगितलं, त्याने नाही. सकाळी तो बूट घालून खाली आला तेव्हा मी स्कूटर काढून, हेल्मेट घालून उभा होतो. तो म्हणाला, "बाबा, मी जाईन." मी म्हटलं, "मागे बस." रस्त्यात बोलायचं मी बरंच ठरवलं होतं, पण माझं भाषण माईकशिवाय होत नाही, हे तू नेहमी म्हणतेस.

केंद्र दवाखान्याच्या मागच्या बाजूला आहे. बाहेर पडवीत एक बाक आहे आणि त्याच्या वर एचआयव्ही तपासणी केंद्राचा बोर्ड आहे. अक्षरं इतकी मोठी आहेत की फाटकातून वाचता येतात. मी ती वाचली आणि माझे पाय थबकले, ताई, खोटं कशाला लिहू. त्याच्या ते लक्षात आलं. म्हणाला, "तुम्ही कँटीनमध्ये चहा घ्या, मी झालं की येतो." किती सहज म्हणाला. म्हणजे मी तिथे थांबणार नाही हे त्याने आधीपासूनच धरलं होतं. मी कँटीनकडे निघालो. चार पावलं गेलो असेन, मागे वळून बघितलं तर तो बाकावर हात मांडीवर ठेवून सरळ बसला होता. शेजारी कुणी नव्हतं. सप्टेंबरातही तो इथे असाच बसला असणार, आणि मी घरी कपाला हात लावायचा की नाही याचा विचार करत होतो. मला माझीच लाज वाटली. परत येऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याने सरकून जागा दिली.

थोड्या वेळाने त्याचं नाव पुकारलं आणि तो आत गेला. मी एकटाच राहिलो. तेवढ्यात समोरून श्रीपतराव आले. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं, तपासणीला आले होते. काळा चष्मा होता, तरी मला बरोबर ओळखलं. जवळ येऊन थांबले, वर बोर्डाकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अध्यक्ष, उठा. हा बाक कसला आहे ते बघितलं नाहीत वाटतं."

मी म्हटलं, "बघितलं. माझा मुलगा आत आहे. बसा ना, जागा आहे."

ते बसले नाहीत. डोळ्यांच्या विभागाकडे निघून गेले. दिग्विजय दार उघडून बाहेर येईपर्यंत मी तिथेच बसून होतो.

तुझा,
सदानंद